‘कच्चा आहे तो’ असं म्हणण्याआधी : नवख्या माणसाचे मराठी शब्द आणि आपला धंदा



या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला, तरी विषय अर्धाच बोलून झाला. उरलेला इथे लिहितोय. विषय ऐकायला अगदी साधा आहे. ज्याला अनुभव नाही त्याला आपण काय म्हणतो? नवा, नवखा, कच्चा, शिकाऊ, फ्रेशर, होतकरू. तुम्ही म्हणाल, दादा, आम्ही धंदा शिकायला आलोय, मराठीचा तास कशाला? तर ऐका. माझ्या दुकानातला एक चांगला मुलगा मी एका शब्दापायी घालवलाय.

माहुलला माझं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. नवीन दुकान, मी नुकता बीबीए होऊन आलेलो, डोक्यात सगळं मॅनेजमेंटचं पुस्तक. बारावी झालेला एक मुलगा कामाला ठेवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमचा नेहमीचा प्लंबर आला आणि त्याने पाऊण इंची एफटीए मागितला. पोराने एमटीए काढून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एकाला आटे आतून असतात, दुसऱ्याला बाहेरून. पहिल्या आठवड्यात ही चूक सगळ्यांची होते, माझीही झाली होती. पण मी गल्ल्यावरून मोठ्याने म्हणालो, “अहो, कच्चा आहे तो, मला सांगा काय पाहिजे ते.”

प्लंबर हसला. दुसऱ्या दिवसापासून तो त्याला “ए कच्च्या, मालकाला बोलव” म्हणायला लागला. मग बाकीचेही तेच. दोन महिन्यांत पोराला सगळं फिटिंग डोळे मिटून हाताला कळायला लागलं होतं, पण गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून ऑर्डर द्यायचं. दुकानात दोन माणसं आणि रांग एकाच्याच पुढे! तीन महिन्यांनी तो सोडून गेला. आज चेंबूरच्या एका दुकानाचं अख्खं काउंटर तो एकटा सांभाळतो. एकदा भेटला तेव्हा मी विचारलं, तिथे कसं जमलं रे? म्हणाला, “दादा, तिकडच्या शेठने पहिल्याच दिवशी सांगितलं, हा आपला नवीन माणूस, ऑर्डर याच्याकडे द्या, बिल मी बघतो.”

पोरगा तोच आणि त्याला येत होतं तेही तेवढंच. फरक फक्त मालकाच्या वाक्याचा. तेव्हापासून मी या शब्दांकडे नीट बघायला लागलो.

नवीन, नवखा, नवशिका

हे तीन शब्द आपण एकाच्या जागी दुसरा असे वापरतो, पण ते एक नाहीत. नवीन म्हणजे नुकता आलेला, एवढंच. त्याला काम येतं की नाही याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. नवखा म्हणजे ज्याला ती जागा, ती माणसं, ती पद्धत ओळखीची नाही. आणि नवशिका म्हणजे जो काम आत्ताच शिकायला लागलाय.

वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस पुण्याच्या पेठांत नवखा असेल, पण नवशिका नाही. हा फरक माहुलमध्ये राहणाऱ्याला लगेच कळेल. आमच्याकडची ७२ इमारतींची मोठी वसाहत तुम्हाला माहीत असेल. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं तुटली तेव्हा विद्याविहार, घाटकोपरसारख्या भागांतली बरीच कुटुंबं इथे आणून ठेवली. इथल्या हवेचं, रिफायनरीच्या शेजाराचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण धंद्याच्या बाजूने त्या लोकांचं काय झालं, यावर कमी बोललं जातं. तिकडे ज्यांची गाडी, टपरी, शिवणकाम, डबे असं काहीतरी चालत होतं, त्यांचं गिऱ्हाईक तिकडेच राहिलं. हात तोच, चव तीच, पण इथे ओळख शून्य.

माझ्या क्लासला अशा एक मावशी होत्या. घाटकोपरला पंधरा वर्षं पोळी-भाजीचे डबे द्यायच्या. इथे आल्यावर कोणी विचारलं की सांगायच्या, “मी नवीनच सुरू केलंय.” खोटं काहीच नव्हतं. पण ऐकणारा काय समजायचा? बाईला अजून जमतंय की नाही कोण जाणे. मग “आधी दोन दिवस फुकट देऊन बघा”, “पहिल्या महिन्याला कमी लावा” हे सुरू. मावशी नवख्या होत्या, नवशिक्या नव्हत्या, आणि त्या एका शब्दात त्यांची पंधरा वर्षं गिऱ्हाईक पुसून टाकत होतं. आम्ही पत्र्यावर दोन ओळी रंगवून घेतल्या : “१५ वर्षे घाटकोपरमध्ये. आता आपल्या माहुलमध्ये.” भाव कमी करा म्हणणारे आजही येतात, ते येणारच, पण फुकट मागणारे थांबले.

तुम्हीही जागा बदलली असेल, नोकरी सोडून तोच धंदा स्वतःचा सुरू केला असेल, सासरी येऊन पुन्हा शिवणकाम काढलं असेल, तर आधी ठरवा : मी नवीन आहे, नवखा आहे की नवशिका आहे? जे आहे तेच बोला. जे नाही ते कशाला अंगावर ओढून घ्यायचं?

कच्चा आणि कच्चा लिंबू

माझा गुन्हा या शब्दाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

धंद्यात कच्चा हा शब्द रोज तोंडात असतो. कच्चा माल, कच्ची पावती, कच्चा हिशोब, कच्चा खर्डा. सगळीकडे अर्थ एकच, हे अजून पूर्ण झालेलं नाही, याच्यावर विसंबू नका. कच्च्या पावतीवर कोणी माल परत घेत नाही. म्हणजे मी त्या पोराला गिऱ्हाइकासमोर ‘कच्चा’ म्हणालो तेव्हा प्रत्यक्षात काय सांगितलं? याच्यावर विसंबू नका. गिऱ्हाईक माझं ऐकून तसंच वागलं, त्याचा दोष नाही.

शाळेत मात्र आपण तोच शब्द बरोबर वापरायचो. “गणितात कच्चा आहे.” गणितात. अख्खा मुलगा कच्चा नाही, एक विषय कच्चा. दुकानात मी आता हाच नियम लावतो. “बिलिंगला अजून कच्चा आहे, माल काढायला पक्का आहे” असं म्हटलं की तीन गोष्टी होतात. त्याला कळतं काय शिकायचंय, मला कळतं काय शिकवायचंय, आणि दुसऱ्या पोराला कळतं की बिल आपण करायचं.

कच्चा लिंबू आठवतोय? गल्लीत लपंडाव, साखळी खेळताना कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा, मग त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. पळायचं, ओरडायचं, सगळं करायचं, पण तो आउट झाला तरी आउट नाही. वर्तमानपत्रात क्रिकेटच्या पानावर ‘लिंबूटिंबू संघ’ वाचतो तो टोमणा असतो, पण गल्लीतली ती व्यवस्था मला आजही हुशार वाटते. मोठ्यांच्या खेळात लहानाला शिरू द्यायचं आणि त्याची चूक मोजायची नाही, यापेक्षा चांगलं ट्रेनिंग कुठलं? माझ्या दुकानात पहिले पंधरा दिवस कोणीही नवीन असेल तर त्याच्या हातून गेलेला चुकीचा माल माझ्या खात्यावर. फक्त एक गोष्ट गल्लीत व्हायची आणि दुकानात होत नाही. गल्लीत एक दिवस मोठी पोरं ठरवायची, आता हा मोठा झाला, आता याच्यावर राज्य. दुकानात मालक हे सांगायलाच विसरतो आणि माणूस चार-चार वर्षं लिंबूच राहतो. म्हणून तारीख आधीच सांगून ठेवा.

शिकाऊ आणि उमेदवार

शिकाऊ हा मला सगळ्यात आवडणारा शब्द. यात लपवाछपवी नाही आणि अपमानही नाही. शिकाऊ लायसन्स घेऊन गाडी चालवणाऱ्याच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असतो. ती पाटी मागच्याला सांगते, जरा अंतर ठेव. आतल्याला सांगते, गाडी बंद पडली तरी घाबरू नको, लोकांना कळतंय. शिवाय शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला असलाच पाहिजे, हा नियम आहे. आणि या शिकाऊपणाला मुदत आहे : लायसन्स सहा महिन्यांचं, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. चूक धरून चाललेली आहे, सोबत आहे, मुदत आहे. दुकानात माणूस शिकवायला अजून काय लागतं?

उमेदवार म्हटलं की आज आपल्याला निवडणूक आठवते. पण शब्द फारसीतून आलेला आहे, उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेवर आधी काम करत शिकणं. आपल्या आजोबांच्या पिढीत हे सर्रास बोललं जायचं. “दोन वर्षं वकिलाकडे उमेदवारी केली” वगैरे.

हे दोन्ही शब्द जोडून कायद्यात ‘शिकाऊ उमेदवार’ झालाय, तो १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यातला. इथे एक काळजीची गोष्ट सांगतो, कारण काही मालक यात हुशारी करायला बघतात. त्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, त्याला पगार नाही तर विद्यावेतन मिळतं. म्हणून लगेच “माझा काउंटरवरचा पोरगा शिकाऊ आहे, अर्धाच पगार” असं करता येत नाही. त्यासाठी रीतसर करार लागतो, त्याची नोंदणी लागते. २०१९ मध्ये नियम बदलल्यापासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. तुमच्याकडे चार माणसं असतील तर जरूर चौकशी करा, चांगली सोय आहे. पण करार नसेल तर तो तुमचा कामगार, तोंडाने काहीही म्हणा.

फ्रेशर, हेल्पर, पोऱ्या

आता थोडं कडू. डिग्रीवाल्याला अनुभव नसेल तर तो फ्रेशर. दहावीवाल्याला अनुभव नसेल तर तो हेल्पर. आणि टपरीवर चहा आणून देणारा तर पोऱ्या, मग तो तीस वर्षांचा का असेना. तिघांनाही कामाचा पहिला दिवस सारखाच अवघड असतो, पण एकाला ताजा म्हणतात आणि दुसऱ्याला मदतनीस. मी स्वतः फ्रेशर म्हणवून घेत फिरलोय, त्यामुळे त्या शब्दाची मजा मला माहीत आहे. (पोऱ्यावरून आठवलं. चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायचं नाही. ‘शिकतोय आपला’ हे उत्तर इन्स्पेक्टरसमोर चालत नाही, आणि चालूही नये.)

फ्रेशरचं बरं असतं, तो दोन वर्षांत फ्रेशर राहत नाही. हेल्परचं तसं नाही. आमच्या भागात रिफायनऱ्यांमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारी भरपूर माणसं आहेत. हेल्पर म्हणून लागलेला माणूस दहा वर्षांनी पाना हातात घेऊन फिटरचं काम करत असतो आणि कागदावर अजून हेल्पर असतो. आमच्याकडे खलाशी या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. माहुल गावातल्या कोळ्यांच्या होडीवर तांडेलाच्या हाताखाली काम करतो तो खलाशी, आणि कारखान्यात अवजड सामान उचलायला, सरकवायला दोर आणि कप्पी लावतो तोही खलाशी. दोन्ही कामांना जबरदस्त अनुभव लागतो, पण शब्द ऐकणाऱ्याला वाटतं, साधा मजूर.

किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे शब्द येतात. नीट लक्षात घ्या, ती वर्गवारी कामाची आहे. कोणत्या कामाला किमान किती मजुरी, यासाठी. माणसाची लायकी मोजायला ती नाही. ‘माझ्याकडे दोन अकुशल आहेत’ असं म्हणणाऱ्या मालकाला मी विचारतो, मग ते आल्यापासून तुम्ही काय केलंत?

ज्यांना काम येतं पण कागद नाही, त्यांच्यासाठी सरकारी कौशल्य योजनांत आरपीएल नावाचा प्रकार आहे, म्हणजे आधीपासून जे येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणं. तुमच्याकडे असा जुना हेल्पर असेल तर त्याला जवळच्या केंद्रावर पाठवा. एक दिवस दुकान कमी माणसांत चालेल.

होतकरू पाहिजेत

नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द अजून टिकून आहे : “होतकरू मुले पाहिजेत.” होतकरू म्हणजे ज्याचं पुढे काहीतरी होणार असं दिसतं तो. अनुभव नसलेल्या माणसासाठी मराठीत याहून प्रेमाचा शब्द मला तरी सापडला नाही. तो मागचं विचारतच नाही, पुढचं बघतो.

याउलट “अनुभवाची गरज नाही” हे वाक्य शक्यतो टाळा. लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद वाचलेत ना? घरबसल्या कमवा, रोज दोन तास काम, अनुभवाची गरज नाही. चांगल्या घरातला मुलगा हे वाक्य वाचतो आणि त्याला वाटतं, फसवणूक आहे. मी दुकानाच्या दारावर लावतो तो कागद असा असतो : “काउंटरसाठी होतकरू मुलगा / मुलगी पाहिजे. काम आम्ही शिकवू. बेरीज-वजाबाकी यायला हवी. वेळ सकाळी १० ते रात्री ८, मध्ये दोन तास सुट्टी.” शेवटच्या ओळीत पगाराचा आकडा. ‘काम आम्ही शिकवू’ या तीन शब्दांनी जेवढी चांगली पोरं आणून दिली, तेवढी कुठल्या अॅपने नाही दिली.

हौशी म्हणजे नवखा नव्हे

हे खास घरातून केक, पापड, दागिने, मेंदी करणाऱ्या ताईंसाठी. “हौस म्हणून करते हो” हे वाक्य आजपासून बंद. हौशी रंगभूमीवरचे कलाकार तीस-तीस वर्षं नाटक करत असतात, ते नवखे असतात का? हौशी म्हणजे पोटासाठी न करणारा. तुम्ही पोटासाठी करताय. तुम्ही हौस म्हणालात की समोरचा म्हणणार, मग पैसे कशाला, सामानाचे तेवढे घे. एका ताईंनी दीड किलोचा केक साखर-मैद्याच्या खर्चात दिला होता, कारण मैत्रिणीने याच शब्दावर पकडलं. गॅस, वीज आणि सहा तास उभं राहणं कुठे गेलं?

स्वतःबद्दल काय सांगायचं

मी पहिल्यांदा कर्ज मागायला गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, “अनुभव किती?” मी बाणेदारपणे सांगितलं, “सर, मी फ्रेशर आहे.” फाइल बाजूला गेली. खरं म्हणजे कॉलेजची तीन वर्षं रोज संध्याकाळी मी मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होतो. माल मोजत होतो, उधारी वसूल करत होतो, दिवाळीला स्टॉक घेत होतो. पण पगार नव्हता, पत्र नव्हतं, म्हणून तो अनुभव आहे हे माझ्याच लक्षात आलं नाही. दुसऱ्या वेळी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये प्रवर्तकाच्या अनुभवाच्या रकान्यात हे सगळं वर्षांसकट लिहिलं, मामाचं सहीचं पत्र जोडलं. काम झालं.

तुमच्याकडेही असा बिनपगारी अनुभव असणार. आईबरोबर बाजारात बसलात, मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च ठेवलात, काकांच्या रिक्षाचा हिशोब लिहिलात. तो रकाना कोरा सोडू नका.

मुद्रा योजनेच्या नावांमुळेही गोंधळ होतो, म्हणून सांगून टाकतो. २०१५ ला ही योजना आली तेव्हा गट ठेवले शिशु, किशोर, तरुण. शिशु म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. २०२४ मध्ये तरुण प्लस आला, २० लाखांपर्यंत, ज्यांनी तरुणचं कर्ज नीट फेडलंय त्यांच्यासाठी. ही नावं कर्जाच्या रकमेची आहेत. साठीतले एक काका मला म्हणाले, “मी आता शिशुमध्ये जाऊ?” जा की काका! चाळीस वर्षं भाजी विकलेला माणूस शिशु कर्ज घेऊ शकतो, आणि कालचा मुलगा कागदपत्रं आणि धंद्याचा हिशोब पटवू शकला तर किशोरसाठी अर्ज करू शकतो.

वयावरचे टोमणे मात्र ऐकावे लागतील. “कालचं पोरगं”, “अजून ओठावरचं दूध वाळलं नाही”, “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत”. मला होलसेलवाले पहिलं वर्षभर हेच म्हणायचे. यावर उलट बोलायचं नाही. ऑर्डर लिहून न्यायची, मालाचं नाव, साइज, नग बरोबर बोलायचं आणि कबूल केलेल्या दिवशी पैसे द्यायचे. माझं ‘पोरगं’ सोळाव्या महिन्यात ‘शेठ’ झालं. तेव्हापासून उधारीची मुदतही पंधरा दिवसांवरून तीस झाली.

सध्या माझ्याकडे एक मुलगी काउंटरला आहे, महिना झाला. तिला मी एवढंच सांगितलंय की स्वतःला कच्ची म्हणायचं नाही, आणि येत नाही ते येतं असंही म्हणायचं नाही. परवा एक गिऱ्हाईक आलं, पन्नाशीचे काका. तिच्याकडे बघून मला विचारतात, “नवीन का?” मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “हो काका. वायरचं शिकून झालंय, प्लंबिंगचं चालू आहे. तुम्हाला काय देऊ?”

काकांना दीडची वायर हवी होती, नव्वद मीटरचं बंडल. मी गल्ल्यावरून उठलोच नाही.